हिवाळ्यातील घरखरेदी : कोरड्या ऋतूत न दिसणारे दोष आणि ग्राहकाची दक्षता

प्रस्तावना

घर ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी होय. भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम, वर्षानुवर्षांची बचत आणि पुढील पंधरा-वीस वर्षांच्या वेतनावर काढलेले कर्ज या तिन्ही गोष्टी या एका व्यवहारात गुंतलेल्या असतात. असे असूनही साधी दुचाकी घेताना आपण जितके दिवस चौकशी करतो, तितके तासही घर पाहण्यात घालवीत नाही, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. दोन-तीन भेटी, एखाद्या परिचिताचा सल्ला आणि बँकेने मंजूर केलेले कर्ज एवढ्या आधारावर निर्णय घेतला जातो.

या भेटी कोणत्या ऋतूत होतात, याचा विचार मात्र फारसा होत नाही. महाविद्यालयीन अध्यापकांच्या बाबतीत प्रथम सत्र संपून दिवाळीची सुटी लागली की घर पाहण्यास सुरुवात होते आणि वार्षिक परीक्षांच्या कामापूर्वी, म्हणजे मार्चअखेर, व्यवहार पूर्ण करण्याकडे कल असतो. इतर नोकरदारांचेही थोड्याफार फरकाने असेच असते. परिणामी महाराष्ट्रातील असंख्य घरे वर्षातील सर्वांत कोरड्या, शीतल आणि सुखद दिवसांत पाहिली जातात. त्यांत राहावे मात्र बाराही महिने लागते.

हिवाळ्यात घर घेणे गैर आहे, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे नाही. हिवाळ्यात पाहिलेले घर हे अर्धेच पाहिलेले घर असते आणि उरलेले अर्धे भिंतींवरील खुणा, कागदपत्रे आणि लेखी प्रश्न यांच्या साहाय्याने पाहावे लागते, हे येथील प्रमुख प्रतिपादन आहे. विवेचन महाराष्ट्रातील सदनिकांपुरते, त्यातही प्रामुख्याने पुनर्विक्रीच्या सदनिकांपुरते मर्यादित आहे.

१. घरखरेदीचा हंगाम हिवाळ्यात का येतो?

या हंगामामागे धार्मिक, आर्थिक आणि व्यावहारिक अशी तिहेरी कारणे आहेत. पितृपक्ष संपला की दसरा येतो, त्यामागोमाग दिवाळीचा पाडवा. साडेतीन मुहूर्तांपैकी हे दोन मुहूर्त लागोपाठ येतात आणि पावसाळ्यात थांबलेली मागणी या सुमारास मोकळी होते. मार्गशीर्ष महिनाही शुभ मानला जातो. त्यानंतर धनुर्मास आणि पौष महिना या काळात गृहप्रवेश व नवीन व्यवहार टाळण्याची प्रथा असल्याने साधारणतः डिसेंबरच्या मध्यापासून बाजारात काहीशी शांतता येते. ज्यांना अशा प्रथेचे बंधन वाटत नाही, त्यांच्या दृष्टीने हा काळ लाभदायक होय. कारण समोर दुसरा ग्राहक उभा नसला की विक्रेता चर्चेस अधिक वेळ देतो आणि किमतीवर बोलण्यासही तयार होतो.

संक्रांतीनंतर चित्र पुन्हा पालटते. आर्थिक वर्षाची अखेर जवळ आलेली असते. मुद्रांक शुल्क आकारणीसाठी राज्य शासन जो वार्षिक मूल्यदर तक्ता प्रसिद्ध करते (ज्यास व्यवहारात ‘रेडी रेकनर’ म्हणतात), तो पूर्वी १ जानेवारीस लागू होत असे. २०१६ पासून त्यासाठी १ एप्रिल ही तारीख ठरविण्यात आली. दर वर्षी दरवाढ होतेच असे नाही. तथापि ती होईल या धास्तीने मार्चमध्ये दुय्यम निबंधक कार्यालयांत गर्दी होते. हिवाळी खरेदीची सुरुवात अशा रीतीने मुहूर्ताने होते आणि तिचा शेवट घाईने होतो. या दोहोंच्या मध्ये घराची खरी तपासणी करावयाची असते.

२. हिवाळा काय झाकून ठेवतो?

(अ) ओल : महाराष्ट्रात वर्षभरातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात भेगांवाटे गिलाव्यात शिरलेले पाणी ऑक्टोबरच्या उन्हात हळूहळू बाहेर पडू लागते आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत भिंतीचा पृष्ठभाग बराचसा कोरडा होतो. त्यातच दिवाळीनिमित्त घरास नवा रंग दिलेला असतो. विक्रेत्याचा हेतू फसवणुकीचा असतोच असे नाही. सणासाठी रंगकाम करणे ही आपली जुनी रीत आहे. परंतु परिणाम एकच होतो. जुलैत जी भिंत पोपडे धरून उभी होती, तीच जानेवारीत गुळगुळीत आणि निर्दोष दिसते.

(आ) ऊन : पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर असतो आणि तो पश्चिमेच्या दक्षिणेस मावळतो. मे महिन्याच्या मध्यास मात्र तो माध्यान्ही थेट डोक्यावर येतो (यालाच आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो) आणि पश्चिमेच्या उत्तरेस मावळतो. म्हणजेच वायव्येकडील ज्या खोलीत डिसेंबरच्या सायंकाळी ऊन शिरतच नाही, ती खोली मे महिन्यात दुपारपासून सूर्यास्तापर्यंत तापत राहते. हिवाळ्यात कोवळ्या उन्हाची म्हणून आवडलेली पश्चिमेची खोली उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत उष्णता बाहेर टाकीत असते. पावसाळी वाऱ्यांची दिशाही प्रामुख्याने नैर्ऋत्य-पश्चिम असल्याने पावसाचा मारा बहुधा याच बाजूच्या भिंतींवर होतो. घराची पश्चिमेची भिंत ही खरी परीक्षेची भिंत असून ती हिवाळ्यात मात्र निरुपद्रवी भासते.

(इ) पाणी : पावसाळा चांगला झाला असेल तर हिवाळ्यात धरणे भरलेली असतात, विहिरी व कूपनलिकांनाही पाणी असते. नळ सोडून पाहिला की धार जोरात येते आणि ग्राहकाचे समाधान होते. एप्रिल-मे महिन्यांत त्याच संस्थेच्या आवारात टँकरची रांग लागते काय, हे त्या धारेवरून कळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. हे टोकाचे उदाहरण असले तरी उन्हाळी टंचाई ही राज्यातील अनेक शहरांच्या उपनगरांत नित्याची बाब झाली आहे.

(ई) पूर : जानेवारीत इमारतीमागील ओढा ही केवळ एक कोरडी चर असते आणि नदीकाठची सदनिका निसर्गरम्य म्हणून अधिक किमतीस विकली जाते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या नदीकाठच्या वसाहतींत पाणी शिरले. या तिन्ही घटना जुलै महिन्यातील आहेत, हे लक्षणीय होय. त्या ठिकाणांपैकी कोणतेही घर हिवाळ्यात पाहणाऱ्यास या धोक्याची कल्पना केवळ डोळ्यांनी येणे कठीण आहे.

३. भिंतीवरील खुणा कशा वाचाव्यात?

भिंत कोरडी झाली तरी ओलीची साक्ष पूर्णपणे पुसली जात नाही. पाणी बाहेर पडताना विटा व गिलाव्यातील क्षार पृष्ठभागावर आणते आणि स्वतः उडून जाते. मागे उरतो तो पांढरट लोणा. नवीन रंगाखालीही तो काही काळाने उचल खातो. यास्तव तपासणी करताना पुढील बाबी पाहाव्यात.

सर्वप्रथम दिशा निश्चित करावी. होकायंत्र आता प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत असते. पश्चिम व नैर्ऋत्येकडील भिंती आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून पाहाव्यात. बाह्य भिंतीवरील शेवाळाचे काळे पट्टे, सिमेंटने बुजविलेल्या भेगा आणि गच्चीवरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याच्या नळांचे सांधे या गोष्टी खालून दुर्बिणीशिवायही दिसू शकतात. घराच्या आत खिडक्यांच्या चौकटीचे खालचे कोपरे, वरच्या मजल्यावर छताच्या कडा, भिंतीस टेकलेल्या कपाटामागील भाग आणि विजेच्या कळफलकांचे गंजलेले स्क्रू पाहावेत. एकाच भिंतीचा रंग इतरांहून ताजा असेल तर त्याचे कारण विचारावे. गिलाव्यावर बोटाच्या पेराने हलकेच ठोकून पाहिल्यास सुटलेला गिलावा पोकळ आवाज देतो. स्लॅबच्या खालच्या अंगास सळईच्या रेषेत सरळ भेग दिसली तर ती विशेष गंभीर मानावी. कारण आतील लोखंड गंजले की त्याचे आकारमान वाढते आणि ते वरील काँक्रीटला बाहेर ढकलते.

येथे हिवाळ्याचा एक मोठा लाभही नमूद केला पाहिजे. पाऊस थांबून तीन महिने झाल्यावरही एखाद्या ठिकाणी ओल असेल, तर तिचे मूळ बहुधा पावसात नसते. वरच्या सदनिकेचे न्हाणीघर, नळवाहिनी, सांडपाण्याचा नळ, गच्चीवरील टाकी किंवा जमिनीतून वर चढणारा ओलावा यांपैकी काहीतरी त्यामागे असते. पावसाळ्यात या दोन प्रकारच्या ओली एकमेकींत मिसळून जातात. हिवाळ्यात त्या वेगळ्या करता येतात. हा भेद केवळ तांत्रिक नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि सामाईक बाह्य वाहिन्यांची गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी असते, तर सदनिकेच्या अंतर्गत भागातील गळतीचा खर्च सभासदास करावा लागतो. ओल कोणत्या प्रकारची आहे यावर खर्च कोणाच्या पदरात पडणार हे ठरते. शक्य झाल्यास संरचना अभियंत्यास सोबत न्यावे. त्याचे शुल्क घराच्या किमतीच्या तुलनेत नगण्य असते.

४. कागदपत्रे : पावसाळ्याची लेखी साक्ष

जे भिंत सांगत नाही, ते संस्थेचे दप्तर सांगते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. ही तारीख पावसाळ्याच्या अखेरीस येत असल्याने गळतीच्या तक्रारी बहुधा याच सभेत मांडल्या जातात. म्हणून हिवाळ्यात घर घेणाऱ्यास सर्वांत ताजे इतिवृत्त आणि आर्थिक पत्रके उपलब्ध असतात. विक्रेत्यामार्फत मागील तीन वर्षांच्या प्रती मागवाव्यात. त्यांत तीन गोष्टी शोधाव्यात : गच्ची व बाह्य भिंतींच्या दुरुस्तीवरील खर्च, टँकरच्या पाण्यावरील खर्च आणि प्रस्तावित मोठ्या दुरुस्तीसाठी सभासदांकडून घ्यावयाची वर्गणी. टँकरच्या खर्चाचा आकडा उन्हाळ्याची खरी हकीकत सांगतो. इमारतीचे वय १५ ते ३० वर्षे असल्यास दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांहून अधिक असल्यास दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, अशी तरतूद आदर्श उपविधींत आहे. तो अहवाल अवश्य पाहावा; तो झालाच नसेल तर तीही एक माहितीच आहे.

पुराच्या बाबतीत जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा पाहणे आवश्यक ठरते. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दाखविली जाते. विकास आराखड्याच्या नकाशावर इमारतीचे स्थान आणि या रेषा यांचे परस्पर नाते तपासावे. याखेरीज तळमजल्यावरील दुकानदार, जुने रखवालदार आणि शेजारची वडीलधारी मंडळी यांच्याकडे चौकशी करावी. वाहनतळात पाणी कुठवर आले होते, हे ते हाताने दाखवू शकतात.

मालकीहक्काची नेहमीची कागदपत्रे कोणत्याही ऋतूत तितकीच महत्त्वाची होत. सात-बारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, पूर्वीची नोंदणीकृत खरेदीखते व त्यांची सूची क्रमांक २, भोगवटा प्रमाणपत्र, संस्थेचा भागदाखला, थकबाकी नसल्याचा दाखला आणि संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे किंवा कसे, या बाबी वकिलाकडून तपासून घ्याव्यात.

५. कायद्याची चौकट

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ मध्ये विक्रेत्याचे एक महत्त्वाचे कर्तव्य सांगितले आहे. मालमत्तेतील किंवा तिच्या मालकीहक्कातील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे, परंतु ग्राहकास ठाऊक नाही आणि सामान्य दक्षता घेऊनही त्यास शोधता आला नसता, तो दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे. या तरतुदीतील ‘सामान्य दक्षता’ हे शब्द मोलाचे आहेत. पावसाळ्यात भिंतीवरून ओघळणारे पाणी कोणासही दिसेल; ते पाहूनही घर घेतले तर तक्रारीस जागा उरत नाही. जानेवारीत ताज्या रंगाखाली दडलेली ओल मात्र सामान्य दक्षतेने सापडली असती किंवा नाही, हा वादाचा विषय होतो. हा वाद टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे लेखी प्रश्न विचारणे. ‘मागील तीन पावसाळ्यांत या सदनिकेत कोठे गळती झाली? तिच्यावर कोणती दुरुस्ती केली? आवारात पाणी साचले होते काय?’ हे प्रश्न इसार देण्यापूर्वी पत्राने विचारावेत आणि उत्तर लेखी घ्यावे. प्रामाणिक विक्रेत्यास यात अपमान वाटण्याचे कारण नाही, आणि टाळाटाळ हेच पुष्कळदा उत्तर असते.

नवीन अथवा तुलनेने अलीकडे बांधलेल्या इमारतींच्या बाबतीत स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ग्राहकाच्या बाजूने उभा राहतो. या कायद्याच्या कलम १४ अन्वये ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील किंवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे. पुनर्विक्रीने घर घेणाऱ्यासही या कायद्यात ‘वाटपग्राही’ मानले आहे. येथे कालगणनेकडे लक्ष द्यावे. समजा, मूळ ताबा फेब्रुवारी महिन्यात दिलेला आहे आणि आपण पाचव्या वर्षाच्या अखेरच्या जानेवारीत ती सदनिका घेत आहोत. अशा वेळी कायद्याच्या संरक्षणातील पाचही पावसाळे उलटून गेलेले असतात. पुढील जूनमध्ये गळती दिसली तरी मुदत संपलेली असते. म्हणून अशा सदनिकेतील दोषांची लेखी सूचना मूळ मालकाने मुदतीत दिली आहे काय, हे तपासणे हिताचे ठरते. याच कायद्याच्या कलम १३ नुसार करारनाम्याची नोंदणी केल्याशिवाय विकासकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही, हेही स्मरणात ठेवावे.

६. मार्चअखेरच्या घाईचे गणित

घाईने होणारा लाभ आणि घाईने होऊ शकणारे नुकसान यांची तुलना आकड्यांत करून पाहणे उद्‌बोधक ठरेल. मुद्रांक शुल्क हे करारातील किंमत आणि मूल्यदर तक्त्यानुसार येणारे मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते. समजा, सदनिकेची किंमत ६० लाख रुपये, तक्त्यानुसार मूल्य ५८ लाख रुपये आणि शुल्काचा एकूण दर ७ टक्के आहे. १ एप्रिलपासून तक्त्यात ५ टक्के वाढ झाली, तर नवे मूल्य ६० लाख ९० हजार रुपये होईल. वाढीव शुल्क केवळ ९० हजारांवर, म्हणजे ६,३०० रुपये भरावे लागेल. किंमत आणि तक्त्यातील मूल्य मुळात समान असते, तरी ही वाढ ३ लाखांवर २१,००० रुपये झाली असती. करारातील किंमत मूल्यदरापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी असेल तर आयकराचा प्रश्न उद्‌भवतो. अशा प्रसंगी स्वतंत्र सल्ला घ्यावा. एरवी एवढ्या रकमेसाठी तपासणी गुंडाळणे शहाणपणाचे नाही. कारण पश्चिमेची एक भिंत बाहेरून पाड बांधून दुरुस्त करण्याचा खर्च सहजच याहून अधिक होतो.

मोठी सवलत असेल तर गणित बदलते, हे मान्य केले पाहिजे. करोना साथीच्या काळात राज्य शासनाने मुद्रांक शुल्कात १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या कालावधीत ३ टक्के, तर १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ या कालावधीत २ टक्के कपात केली होती. त्या हिवाळ्यात नोंदणी कार्यालयांत अभूतपूर्व गर्दी झाली. एकट्या मुंबईत डिसेंबर २०२० मध्ये १९ हजारांहून अधिक दस्तांची नोंदणी झाली. त्या वेळी ३१ डिसेंबरपूर्वी शुल्क भरून दस्त निष्पादित करणाऱ्यांना नंतर नोंदणी करण्याची मुभा होती; कारण नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २३ प्रमाणे दस्त निष्पादित झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीसाठी सादर करता येतो. मात्र एक बाब विसरू नये : मुदत नोंदणीसाठी मिळते, घराच्या तपासणीसाठी नाही. स्वाक्षरी झाल्यावर सापडलेला दोष हा ग्राहकाचाच दोष ठरण्याचा संभव अधिक असतो.

निष्कर्ष

१. हिवाळा हा घराच्या व्यवहारासाठी सोयीचा, परंतु घराच्या परीक्षेसाठी सर्वांत सौम्य ऋतू आहे. ओल, ऊन, टंचाई आणि पूर या चारही कसोट्या त्या वेळी अदृश्य असतात.

२. हिवाळ्यात दिसणारी ओल ही बहुधा वाहिन्यांची किंवा न्हाणीघराची असते, हे ओळखून दुरुस्तीची जबाबदारी आधीच निश्चित करून घ्यावी.

३. संस्थेचे इतिवृत्त, टँकरचा खर्च, संरचनात्मक तपासणीचा अहवाल आणि पूररेषा ही पावसाळ्याची व उन्हाळ्याची लेखी साक्ष होय. ती मिळविल्याशिवाय इसार देऊ नये.

४. विक्रेत्यास लेखी प्रश्न विचारणे हे अविश्वासाचे नव्हे, तर कायद्यास अभिप्रेत असलेल्या सामान्य दक्षतेचे लक्षण आहे.

५. मार्चअखेरची तारीख पाळण्यापूर्वी तिच्यामुळे नेमके किती रुपये वाचतात, हे कागदावर मांडून पाहावे.

ज्यांना शक्य आहे त्यांनी त्याच संस्थेत एक पावसाळा भाड्याने राहून पाहावे. याहून विश्वसनीय तपासणी दुसरी नाही. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी जानेवारीच्या प्रसन्न सकाळी त्या पश्चिमेच्या भिंतीसमोर क्षणभर उभे राहून हीच भिंत जुलैच्या मध्यरात्री आणि मे महिन्याच्या दुपारी कशी असेल, असा प्रश्न स्वतःस विचारावा. त्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत स्वाक्षरी लांबविणे हेच आयुष्यभराच्या बचतीचे खरे संरक्षण होय.